तोंड बसलं, पान्हा फुटेना

परवा एका जुन्या ड्राइव्हसाठी अडॅप्टर मागवायला बसलो होतो. वस्तूच्या फोटोखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'खरेदी करण्यापूर्वी सुसंगतता तपासून घ्यावी.' वाचलं आणि एकटाच मोठ्यानं हसलो. बायको आतून म्हणाली, "काय झालं?" तिला काय सांगणार? हाच उपदेश आमच्या बिरूमामा कोळप्यांनी कुरकुंभच्या कंपनीत वर्षानुवर्षं केला, आणि तो बायकांसमोर सांगण्यासारखा नव्हता. मामा म्हणायचे, "तोंड बघितल्याबिगर मुका घिऊ नये."

हे वाक्य ते कुणालाही ऐकवत. मॅनेजरला, ट्रकवाल्याला, एकदा तर ऑडिटला आलेल्या बाईंनाही. त्या बाईंनी ते मराठीतली एखादी जुनी म्हण असावी म्हणून वहीत लिहून घेतलं.

मामा गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. त्यांचा एक धड फोटो नाही. जे आहेत त्यात ते डोळे मिटून उभे आहेत, कारण फ्लॅश पडेल या हिशेबानं ते आधीच डोळे मिटत. आवाज तर कुणाकडेच नाही. म्हणून जे आठवतंय ते लिहून ठेवतोय.

ते स्टोअर्सला होते, मी परचेसला. कंपनी केमिकलची. मामा दौंड तालुक्यातल्या राहूचे. घरची मेंढरं विकून त्यांच्या वडिलांनी थोडी जमीन घेतली आणि पोराला कंपनीत चिकटवलं. पण कंपनीनं मामांना फारसं बदललं नाही. डोक्यावरची पांढरी टोपी ते कधी काढत नसत, त्यामुळे हेल्मेट टोपीवर. सेफ्टी ऑफिसर बदलले, प्रत्येकानं नव्या उत्साहानं त्यांना टोपी काढायला सांगितलं आणि प्रत्येकाला उत्तर एकच मिळालं, "हेल्मेट टोपीच्या मापानं घेतलंय. टोपी काढली तर ढिलं हुतं. मग डोस्कं फुटलं तर सही तुमची का माझी?"

माणसांना ते नावानं हाक मारत नसत, खात्यानं मारत. "काय परचेस, जेवला का?" "ओ क्वालिटी, जरा बाजूला व्हा." एचआरच्या पोरीला ते 'एचआरताई' म्हणत. ती पोरगी आधी चिडली, मग तिनं फोनमध्ये मामांचा नंबर 'स्टोअरमामा' नावानं ठेवला आणि भांडण मिटलं.

खिशात वर्नियर कॅलिपर. कंपनीचाच. पेन विसरतील, पण वर्नियर नाही. कॅन्टीनची चपाती जाड लागली की ते वर्नियर काढून चपातीची जाडी मोजत आणि आचाऱ्याला ऐकवत, "ही चपाती न्हाई, ग्यासकीट हाय. प्लॅन्टला लावा, लिकीज थांबंल."

त्यांच्या खिडकीवर कायदा एकच होता. जुना भाग दाखवा, नवा घेऊन जा. जुन्या भागाचं तोंड आणि नव्याचं तोंड एकमेकांना लावल्याशिवाय वस्तू बाहेर पडत नसे. एकदा पुण्याहून आलेल्या नव्या मॅनेजरांनी फोनवर पाइप जोडायच्या कपलिंगचा फोटो दाखवला. मामांनी शांतपणे वर्नियर काढला आणि फोनच्या काचेवर लावला. मॅनेजरांचं बोट लागून फोटो मोठा झाला. मामा म्हणाले, "ह्ये बघा, वाढलं. आसंच सोयरिकीत हुतं. फोटुत मानूस देखनाच दिसतो. जुनं हितं आना." मॅनेजर भर उन्हात पुन्हा प्लॅन्टला गेले.

आता यावरून कुणाला वाटेल की मामा म्हणजे चोख माणूस. छे! मामांची तपासणी शंभर नंबरी असे, पण तिच्यात हटकून एक गोष्ट राहून जायची. आणि जी राहायची तीच महत्त्वाची असायची.

कपाटाचंच घ्या. मामींसाठी, म्हणजे हौसामामींसाठी, त्यांनी लोखंडी कपाट घ्यायचं ठरवलं. दाराचं माप घेतलं, कोनाड्याचं घेतलं, उंची घेतली, पंख्याचं पातं लागणार नाही हेही बघितलं. टेम्पोतून कपाट आलं, दारातून सरळ आत गेलं आणि भिंत व पलंगाच्या मधल्या जागेत जणू तिथंच घडवल्यासारखं बसलं. बोट घालायला फट राहिली नाही. मामा कमरेवर हात ठेवून भावकीकडे बघू लागले. मग मामी कपाट उघडायला गेल्या. दार पलंगाला अडलं. वीतभरच उघडलं. पलंग सरकवावा तर पलंगाच्या मागं धान्याची कोठी, आणि कोठी भिंतीत बांधलेली. कपाट माघारी द्यावं तर मामांचं नाक कापलं जातं. तेव्हापासून मामी फटीतून हात घालून साडी ओढतात. मी एकदा जेवायला गेलो होतो तेव्हा त्यांनी सांगितलं, "लग्नाला जाताना मी साडी निवडीत न्हाई भाऊजी. हाताला लागंल ती नेसती. मागल्या साली बारशाला शालू नेसून गेले."

मामा म्हणाले, "बसलं का न्हाई मापात?"

"बसलंय. म्हसोबावानी बसलंय. उघडायचं नाव न्हाई."

मामांच्या वडिलांना सगळे म्हसूआबा म्हणत. आबांनी निम्मी हयात मेंढरांमागं चालण्यात घालवली. मेंढरं विकली तरी एखादी मेंढी ते कायम ठेवत; शेवटची ही भुरी. ती पिल्लू असल्यापासून आबांच्या हाताखाली वाढलेली. माणसानं विडी सुटत नाही म्हणून एक खिशात ठेवावी, तशी आबांनी ती ठेवली होती. आबांबद्दलची एक गोष्ट मामा कॅन्टीनमध्ये फार रंगवून सांगत. कळपातल्या एखाद्या मेंढीचं पिल्लू मरतं. दुसरीकडे एखादं कोकरू आईवाचून राहतं. दोघांची गाठ घालायची. कोकराचं तोंड सडाला लावलं की ते चोखायला तयारच असतं, पण मेंढी लाथ मारते, पान्हा चोरते.

"का?" मामा विचारत, आणि उत्तराची वाट न बघता सांगत. "कारन तोंड सगळ्या कोकरांचं सारखंच की! मेंढी तोंड बघत न्हाई. वास घेती. मग आबा काय करायचे, तिचंच दूध काढून कोकराच्या अंगाला चोळायचे, पाठीला, शेपटीला. मेंढी हुंगायची. आपलंच हाय म्हनायची. आन् मग पान्हा सोडायची."

ही गोष्ट सांगून झाली की मामा ताक पीत आणि पुन्हा स्टोअर्समध्ये जाऊन 'तोंड बघा, तोंड बघा' करत बसत. स्वतःच्या गोष्टीचा आणि स्वतःच्या धंद्याचा काही संबंध आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

आबा वारले. आबांच्या गळ्यात धनगरी ओव्या होत्या. बिरोबाच्या, मेंढरांच्या, रानाच्या. रात्र रात्र म्हणत, असं भावकी सांगे. मामांची मुलगी सारिका पुण्याला कॉलेजात होती. तिनं आबा असताना लॅपटॉपवर त्यांचा आवाज भरून ठेवला होता. मामांनी तो स्वतः ऐकला नव्हता. "ऐकायचंय कशाला, आबा समोर बसल्यालं की," असं त्यांचं तेव्हाचं म्हणणं. आबा गेल्यावर ऐकायचं ठरलं, तोवर राहूच्या विजेनं एक झटका दिला आणि लॅपटॉप जळाला.

दौंडच्या दुकानदारानं लॅपटॉप उघडला आणि सांगितलं की बोर्ड गेला, पण आत जी ड्राइव्हची पट्टी असते ती वाचली असेल. तिला अडॅप्टरच्या डबीत घालायचं, वायर दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची, आतलं सगळं दिसेल. पट्टी त्यानं मामांच्या हातावर ठेवली. बोटाएवढी, वजन नसल्यासारखी. मामा ती तळहातावर घेऊन कॅन्टीनमध्ये आले आणि म्हणाले, "परचेस, ह्यात आबा हाय."

मामा त्या दिवशी एवढे भारावले की त्यांनी भावकीला वचन देऊन टाकलं. वर्षश्राद्धाला मांडवात स्पीकर लावून आबांच्या ओव्या ऐकवायच्या. चुलते, मावसभाऊ, साडू, मुंबईला गेलेला पुतण्या, सगळ्यांना फोन झाले. शब्द गेला, आणि धनगराच्या भावकीत गेलेला शब्द परत येत नाही.

मी म्हणालो, "मामा, पट्टीवरचा नंबर द्या. मी चौकशी करतो. यात दोन प्रकार असतात म्हणतात."

"परचेसनं घेतलेला नट कवा बोल्टावर बसलाय का?" मामा म्हणाले. त्यात थोडं तथ्य होतं, म्हणून मी नंबराचा विषय सोडला.

मामा पट्टी रुमालात बांधून दौंडला गेले. पट्टीची लांबी, रुंदी, खाचेची जागा, सगळं वर्नियरवर घेतलं. दुकानात डब्या उघडून बघितल्या. जिच्यात पट्टी सरळ गेली आणि स्क्रू नीट बसला ती घेतली. दुकानदारानं विचारलं होतं म्हणे, "मामा, साटा हाय का एनव्हीएमई?" मामांनी त्याला म्हटलं, "तोंड हाय ह्ये. बघा की, कसं बसलंय." दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि विषय तिथंच राहिला.

डबी कंपनीत आली. मामांनी ती माझ्या कॉम्प्युटरला लावली. डबीवरचा निळा दिवा लागला. मामांनी टोपी सारखी केली. आम्ही पडद्याकडे बघत बसलो. पडद्यावर काहीच आलं नाही. त्याऐवजी आयटीचा पोऱ्या धावत आला, कारण कंपनीत बाहेरची वस्तू जोडली की त्याच्याकडे घंटी वाजते.

"मामा, काय लावलं हे? नियम माहीत नाही का?"

"आरं, आजून मुका बी घेतला न्हाई, तवर बोंब?" मामा म्हणाले. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

मग मामांनी ठरवलं की दोष कॉम्प्युटरचा. ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर लावून बघितलं, वरवंडच्या एका झेरॉक्सवाल्याकडे बघितलं. दिवा सगळीकडे लागे, ड्राइव्ह कुठंच दिसेना. मग दोष डबीचा ठरला. शिरूरला त्यांचे साडू राहतात, त्यांच्या ओळखीच्या दुकानातून दुसरी डबी आणली. तीही त्याच जातीची, फक्त रंग वेगळा. तोंड तिथंही चोख बसलं. दिवा तिथंही लागला. शिरूरच्या दुकानदारानं पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली आणि निकाल देऊन टाकला, "ही मेलीय काका. टाकून द्या."

त्यानंतर मामांनी कॅन्टीनमध्ये चपाती मोजणं सोडलं. मला त्यांनी 'परचेस'च्या ऐवजी चक्क नावानं हाक मारली, तेव्हा मला भीती वाटली. खिडकीवर कुणी वॉशर मागितला तर जुना न बघताच देऊन टाकत. एचआरताई मला येऊन विचारून गेली, "स्टोअरमामांना बरं नाही का?"

श्राद्ध चार दिवसांवर आलं होतं. मी त्यांच्या घरी गेलो. मामा ओट्यावर बसले होते, पुढ्यात दोन डब्या आणि रुमालावर पट्टी. म्हणाले, "आबा एकदा मेला तवा मी हुतो. जवळ हुतो. आता दुसऱ्यांदा माझ्याच हातात मेला." एवढं बोलून त्यांनी नाक शिंकरलं. खरं सांगतो, त्या माणसाला असं बघण्यापेक्षा कंपनीनं माझी बदली केली असती तरी चाललं असतं.

मामी आतून आल्या. चहा ठेवला. पट्टी उचलून त्यांनी डबीत घातली, काढली, परत घातली.

"बसती की," त्या म्हणाल्या.

"बसती गं! समदीकडं बसती. त्येच तर म्हनतोय."

"मग पान्हा सुटंना व्हय?"

मामांनी मान हलवली.

"तोंड लागलं म्हंजी पान्हा सुटतोय व्हय?" मामी म्हणाल्या. "आख्ख्या कंपनीला कोकराची गोष्ट सांगत फिरता. ह्या डबीनं हिचा वास घेतला का, त्ये बघितलं का कुनी?"

मामांनी डबी मामींच्या हातातून घेतली. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला. वर्नियर आजवर शंभर वेळा निघाला होता, चष्मा पहिल्यांदा निघाला. पट्टीवर एक मळकट लेबल होतं. मापाच्या नादात ते कुणी वाचलंच नव्हतं. त्यावर बारीक अक्षरात 'साटा' छापलेलं होतं. दोन्ही डब्यांच्या खोक्यांवर, मागच्या बाजूला, 'फक्त एनव्हीएमई' असं लिहिलेलं. हेच ते दोन प्रकार: तोंड जुळत होतं, बोली वेगळी होती. दिवा लागत होता तो नुसता विजेचा.

मामा उठले. टोपी नीट बसवली. "परचेस, गाडी काढा," ते म्हणाले. नावानं हाक मारली नाही, म्हणून मला फार बरं वाटलं.

दौंडच्या त्याच दुकानात आम्ही गेलो. मामांनी लेबल दुकानदाराच्या नाकासमोर धरलं. "ह्ये घराणं. ह्या घराण्याची डबी दावा."

दुकानदारानं दोन्ही प्रकार चालतील अशी एक डबी काढली. म्हणाला, "मामा, ही दोघांना चालते."

"तुमी म्हनताय. पट्टीला इचारलंय का? हितंच लावा. तुमच्या कॉम्प्युटरवर. आधी पान्हा, मग पैसं."

"मामा, सील फोडलं तर..."

"सील फोडा. मी हाय की."

दुकानदारानं सील फोडलं. पट्टी आत गेली. स्क्रू बसला. वायर लागली. दिवा लागला. दिव्यावर आता आमचा कुणाचा विश्वास नव्हता. मामा पडद्याकडे पाठ करून उभे राहिले आणि रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉलीकडे बघू लागले. मग 'टुंग' असा बारीक आवाज झाला आणि पडद्यावर फोल्डरांची रांग उघडली. एकावर लिहिलं होतं 'आबा'.

मी म्हणालो, "मामा, फुटला पान्हा."

ते वळले नाहीत. पाठ हलत होती. दुकानदारानं त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी तोंडावर मारलं आणि म्हणाले, "हितं नगं लावू. मांडवात लावू."

श्राद्धाला सगळी भावकी जमली. मांडवाच्या खांबाला स्पीकर बांधला होता. सारिकानं मैत्रिणीचा लॅपटॉप आणला होता. मामांच्या खांद्यावर आबांची घोंगडी. म्हातारी माणसं पुढं सरकून बसली, बायकांनी पोरांना गप्प केलं. सारिकानं फाइल लावली.

आधी नुसती खरखर. मग आबा बोलले. "सारे, चालू हाय का गं ह्ये? दिवा कुठाय? आधी बघ. तुझ्या बापावानी करू नगंस. त्येनं कपाट आनलंय घरात, दार उघडत न्हाई त्येचं. मापात बसलंय म्हनतोय. आरं, कपाट काय बसवायला आनत्यात का मानसं?"

मांडव कोसळेल असं हसू फुटलं. मामी पदर तोंडाला लावून हसल्या. आबा पुढं म्हणाले, "कंचं म्हनू? बिरूबाचं म्हनू का?" मग खोकले. बराच वेळ खोकले. मग एकदम ओरडले, "आली का न्हाई भवानी कांद्यात! हुर्रर्र... भुरेऽ, य्ये, य्ये, य्ये!" आणि फाइल संपली.

"म्होरचं लाव," मामा म्हणाले.

"एवढंच आहे पप्पा. मधेच चार्जिंग संपलं होतं, ते मला तेव्हा कळलंच नाही."

ओवी एकही नाही. मुंबईहून आलेल्या पुतण्यानं घड्याळ बघितलं. मामांनी दोन्ही हातांनी डोळे पुसले, पण ते हसत होते. म्हणाले, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. "पुन्हा." तिसऱ्यांदा कपाटाच्या वाक्याला म्हातारी माणसं आबांच्या आधीच हसायला लागली.

भुरी खुंट्याला बांधलेली होती. हाक वाजली तेव्हा एका चुलत्यानं सगळ्यांना तिच्याकडे बघायला लावलं. तिनं कान हलवला आणि परत घासात तोंड घातलं. मामा म्हणाले, "वास नगं का तिला? लॅपटॉपला कुठं घोंगडीचा वास येतो?"

जेवणं झाली. ऊन कललं. मी निघालो, तर सारिका सोबत फाटकापर्यंत आली. दावं सुटलं असणार, भुरी शेजारच्या कांद्यात शिरली होती आणि घोंगडी पाठीवर टाकून मामा तिच्या मागं चालले होते, हेल्मेट नसलेल्या टोपीत जरा लहानच दिसत होते. मी गाडीला किक मारणार, तेवढ्यात मागून हाक आली.

"हुर्रर्र... भुरेऽ, य्ये, य्ये, य्ये!"

तीच हाक. तीच शेवटी फाटणारी 'य्ये'. मेंढीनं मान वर केली आणि कांदा टाकून धावत सुटली.

मी सारिकाला म्हणालो, "पुन्हा लावलं वाटतं कुणीतरी."

तिनं काखेतली पिशवी पुढं केली. लॅपटॉप तिच्यात होता, बंद.